ऑफिसचा लॅपटॉप, आपला फोन आणि कंपनीची नजर: नव्याने नोकरीला लागणाऱ्यांसाठी

जॉइनिंगच्या दिवशी सगळीकडे साधारण एकच क्रम असतो. आयडी कार्ड, लॅपटॉपची बॅग, ॲसेट फॉर्मवर सही, आणि मग पोर्टलवर एकामागून एक धोरणं, प्रत्येकाच्या खाली ‘आय ॲग्री’चं बटण. एचआरला दुपारपर्यंत सगळी बॅच उरकायची असते, त्यामुळे कोणी काही वाचत नाही. आपण कंपनीला काय काय बघायची मुभा दिली हे कळतं ते पुढे कधीतरी वाद झाल्यावर.

मी या व्यवहाराच्या दोन्ही बाजूंना काम केलंय. आधी लॅपटॉप घेणाऱ्यांमध्ये, नंतर तेच लॅपटॉप तयार करून देणाऱ्या टीममध्ये. नव्या मुलामुलींमध्ये दोन समजुती कायम दिसतात. काहींना वाटतं, कॅमेऱ्यातून कोणीतरी सतत बघतंय. काहींना वाटतं, इन्कॉग्निटो विंडो उघडली की झालं. दोन्ही खरं नाही. लॅपटॉप कंपनीचा आहे, त्यावर नोंद होणारच, हे धरून चालायचं. फोन तुमचा आहे, तिथे मात्र अडून राहायचं. आणि जे स्पष्ट नसेल ते लेखी विचारून घ्यायचं.

१. ‘आय ॲग्री’ दाबण्याआधी काय शोधायचं

कागदांची नावं कंपनीगणिक थोडी बदलतात, पण साधारण ही असतात: ॲक्सेप्टेबल यूज पॉलिसी, इन्फर्मेशन सिक्युरिटी पॉलिसी, एम्प्लॉयी प्रायव्हसी नोटीस आणि स्वतःचा फोन वापरण्याबद्दलची बीवायओडी पॉलिसी. सगळं वाचून होणार नसेल तर निदान शोध मारा. मॉनिटर, रेकॉर्ड, स्क्रीन, लोकेशन, बायोमेट्रिक, पर्सनल डिव्हाइस, वाइप (म्हणजे दुरून डेटा पुसणं) हे शब्द जिथे येतात तेवढे परिच्छेद नीट वाचा.

‘कंपनीच्या यंत्रणेवर कर्मचाऱ्याने खाजगीपणाची अपेक्षा ठेवू नये’ अशा अर्थाचं वाक्य बहुतेक ठिकाणी सापडतं. ते वाचून घाबरू नका, पण ते तिथे आहे हे लक्षात ठेवा. ‘वाइप’ हा शब्द ‘पर्सनल डिव्हाइस’च्या शेजारी दिसला तर मात्र थांबा. त्याबद्दल पाचव्या पायरीत सविस्तर लिहिलंय.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- ऑफर लेटर आणि अपॉइंटमेंट लेटर
- सही केलेली प्रत्येक संमती: बोटांचे ठसे, चेहऱ्याची हजेरी, बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन
- ॲसेट फॉर्म, त्यावर लॅपटॉपचा सीरियल नंबर आणि मिळाला तेव्हाची स्थिती
- वाचलेल्या धोरणांची नावं, आवृत्ती आणि तारीख, आपल्या वहीत हाताने लिहून

यातला सापळा असा की, धोरणांच्या पीडीएफ स्वतःच्या जीमेलवर फॉरवर्ड केल्या तर तोच नियमभंग ठरू शकतो. ज्यावर तुमची सही आहे ते कागद एचआरलाच तुमच्या वैयक्तिक ईमेलवर पाठवायला सांगा. बाकीच्यांची नोंद वहीत पुरते.

२. लॅपटॉपवर काय काय बसवलंय ते पाहा

फक्त पाहायचं, काही बदलायचं नाही. विंडोजवर सेटिंग्जमध्ये ‘अकाउंट्स’ आणि त्यात ‘ॲक्सेस वर्क ऑर स्कूल’ उघडा. मशीन कोणाच्या ताब्यात जोडलंय ते तिथे दिसतं. मॅकवर ‘डिव्हाइस मॅनेजमेंट’ किंवा ‘प्रोफाइल्स’ शोधा. शिवाय ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’मध्ये स्क्रीन रेकॉर्डिंगची परवानगी कोणत्या ॲपला दिली आहे ती यादी बघा. क्रोमच्या मेनूत अगदी तळाशी ‘मॅनेज्ड बाय युवर ऑर्गनायझेशन’ अशी ओळ असेल तर ब्राउझरही कंपनीच्या धोरणाखाली आहे.

जे सापडतं ते ढोबळमानाने पाच प्रकारचं असतं. मशीन सांभाळणारं, जसं इंट्यून किंवा जॅम्फ. व्हायरस आणि घुसखोरी पकडणारं, जसं डिफेंडर किंवा क्राउडस्ट्राइक. हे कोणता प्रोग्रॅम चालला, कोणती फाइल उघडली, कुठे जोडणी झाली याची नोंद ठेवतं. तिसरं इंटरनेटची वाहतूक गाळणारं, जसं झीस्केलर. चौथं डीएलपी, म्हणजे कंपनीची माहिती पेनड्राइव्ह, ईमेल किंवा ब्राउझरमधून बाहेर चालली की सूचना देणारं. पाचवं वेळ आणि ‘प्रॉडक्टिव्हिटी’ मोजणारं: हबस्टाफ, टाइम डॉक्टर, ॲक्टिव्हट्रॅक, टेरामाइंड.

पहिले चार मशीनवर पहारा देतात. पाचवा तुम्हाला मोजतो. त्यातली काही साधनं ठरावीक वेळाने स्क्रीनशॉट घेतात, काही कळ दाबल्याची नोंद ठेवतात. पहिल्या चारांबद्दल फार वाद घालण्यात अर्थ नाही, क्लायंटच्या ऑडिटसाठीही ते लागतात. पाचवं दिसलं तर मात्र ते काय टिपतं, किती काळ साठवतं आणि कोण बघतं, हे विचारायलाच हवं.

झीस्केलरसारख्या साधनाबद्दल एक तपासणी पाच मिनिटांत होते. कोणत्याही साइटच्या पत्त्याच्या डावीकडच्या चिन्हावर क्लिक करून सर्टिफिकेट उघडा आणि ते कोणी दिलंय ते वाचा. तिथे तुमच्या कंपनीचं किंवा झीस्केलरचं नाव असेल तर कुलपाचं चिन्ह दिसत असूनही ती वाहतूक मध्ये उघडून तपासली जाते. बऱ्याच कंपन्या बँका आणि आरोग्याच्या साइट यातून वगळतात, पण ते प्रत्येक ठिकाणी होतंच असं नाही. म्हणून नेट बँकिंग ऑफिसच्या मशीनवर करूच नये.

३. खरंच कोणाला काय दिसतं

कोणी बसून तुमचे चॅट वाचत नसतं. हजारो मशीनच्या नोंदी रोज येतात, टीममध्ये मोजकी माणसं असतात, आणि ती लाल झेंडे लागलेल्या घटनांच्या मागेच धावत असतात. पण नोंद साठलेली असते. तक्रार आली, अप्रेझलवरून भांडण झालं, कोणी राजीनामा देऊन स्पर्धक कंपनीत निघालं, की मागचं उघडतं. तेव्हा सहा महिन्यांपूर्वी सहज लिहिलेलं वाक्य छापील कागदावर एचआरच्या टेबलावर येतं. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांचे चेहरे मी पाहिलेत. ‘पण ते तर आमच्या दोघांतलं होतं,’ हे वाक्य ठरलेलं असतं.

म्हणून हे पक्कं लक्षात ठेवा:

टीम्स किंवा स्लॅकवरचं दोघांतलं चॅट कंपनीच्या खात्यात असतं. कंपनीने साठवणुकीचं धोरण लावलं असेल तर तुम्ही डिलीट केलेला मेसेजही परत काढता येतो.

इन्कॉग्निटोने एवढंच होतं की तुमच्या ब्राउझरमधला इतिहास साठत नाही. नेटवर्कवर आणि मशीनवर बसलेल्या सॉफ्टवेअरला त्याने काही फरक पडत नाही, आणि ब्राउझर स्वतःच पहिल्या पानावर तसं सांगतो.

व्हॉट्सॲप वेबचे मेसेज वाटेत कोणी वाचू शकत नाही, हे खरं. पण स्क्रीनवर उघडलेला मेसेज स्क्रीनशॉटमध्ये येतोच. आईशी डॉक्टरच्या रिपोर्टबद्दल बोलायचं असेल तर फोनवर बोला.

चॅटजीपीटीसारख्या साइटवर कोड किंवा क्लायंटची यादी चिकटवली तर डीएलपीला ते दिसू शकतं. कंपनीने दिलेल्या कोपायलट या एआय मदतनिसाशी झालेलं संभाषणही कंपनीच्याच खात्यात राहतं. ‘मॅनेजरला कसं उत्तर देऊ’ असले प्रश्न तिथे विचारू नका.

सर्व्हिस कंपनीत, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचं काम करून देणाऱ्या कंपनीत असाल तर आणखी एक थर असतो, आणि तो कोणी समजावून सांगत नाही. क्लायंटचा लॅपटॉप किंवा सिट्रिक्ससारखं दूरचं डेस्कटॉप वापरत असाल तर तिथे तुमच्या कंपनीचे नाही, क्लायंटचे नियम चालतात. ते सत्र रेकॉर्ड होऊ शकतं. तुमच्या कंपनीच्या एचआरला क्लायंट काय टिपतो याची पूर्ण कल्पना असेलच असं नाही.

४. पहिल्या दिवसापासून घर वेगळं, ऑफिस वेगळं

क्रोममध्ये स्वतःच्या जीमेलने साइन-इन करून सिंक चालू केलं की तुमचे साठवलेले पासवर्ड आणि बुकमार्क कंपनीच्या मशीनवर उतरतात. हे करू नका. आधार, पॅन, भाडेकरार, लग्नाचे फोटो, मुलांच्या शाळेचे फॉर्म यातलं काहीही त्या लॅपटॉपवर ठेवू नका. जॉइनिंगला स्कॅन करावं लागलंच तर अपलोड झाल्यावर डाउनलोड्सचा फोल्डर रिकामा करा.

उलट बाजूचा सापळा जास्त महाग पडतो. पीएफच्या यूएएन खात्याला, बँकेला, विम्याला, लिंक्डइनला ऑफिसचा ईमेल दिलेला असतो. नोकरी सुटली की ईमेल त्याच संध्याकाळी बंद होतो, आणि मग ओटीपीसाठी महिनोन्महिने खेटे घालावे लागतात. सगळीकडे स्वतःचाच ईमेल आणि स्वतःचाच नंबर द्या.

घरून काम करताना घरच्यांचे फोन त्याच वायफायवर असले तरी त्यांचं बोलणं कंपनीला दिसत नाही. कंपनीचं सॉफ्टवेअर कंपनीच्या लॅपटॉपवरची वाहतूक बघतं. कॅमेऱ्याला सरकवायची झडप लावा, टेबल अशा जागी ठेवा की मागे भिंत येईल आणि घरातली वावरणारी माणसं चौकटीत येणार नाहीत.

५. स्वतःचा फोन: इथे घाई करू नका

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, आणि तेही आपल्याच एका बोटाने.

जॉइन झाल्यावर टीम लीड सांगतो, ‘फोनवर आउटलुक आणि टीम्स टाकून घे.’ तुम्ही टाकता, साइन-इन करता, आणि फोन दोन-तीन परवानग्या मागतो. त्यातली एक परवानगी तुमचा फोन कंपनीच्या व्यवस्थापनाखाली देण्याची, म्हणजे ‘एनरोल’ करण्याची असू शकते. काही जुन्या पद्धतींत तर ‘इरेज ऑल डेटा’ असं स्पष्ट लिहिलेलं असतं, म्हणजे फोनवरचं सगळं दुरून पुसण्याचा अधिकार. नोकरी सोडताना किंवा फोन हरवल्याचं तिकीट (आयटीकडे नोंदवलेली तक्रार) टाकल्यावर तो वापरला गेला तर तुमचे फोटोही जातात.

म्हणून आधी हेल्पडेस्कला विचारा: ‘फोन एनरोल न करता फक्त ॲपपुरतं संरक्षण चालेल का?’ इंट्यूनमध्ये तशी सोय आहे. आउटलुक आणि टीम्सच्या आतला डेटाच कंपनीच्या ताब्यात राहतो, ॲपला वेगळा पिन लागतो, बाकी फोनला हात लागत नाही. बऱ्याच कंपन्यांत हे चालू असतं, फक्त कोणी विचारत नाही.

ते चालणार नसेल तर अँड्रॉइडवर ‘वर्क प्रोफाइल’ मागा. कामाच्या ॲपवर छोट्या बॅगेचं चिन्ह दिसतं आणि फोनचे दोन कप्पे होतात. तुमच्या कप्प्यातले फोटो, मेसेज, ॲप कंपनीला दिसत नाहीत, आणि पुसायची वेळ आली तर फक्त कामाचा कप्पा पुसला जातो. आयफोनवर ‘युझर एनरोलमेंट’ हा जवळपास तसाच प्रकार आहे. पूर्ण ‘डिव्हाइस एनरोलमेंट’ला स्वतःच्या आयफोनवर मात्र नाही म्हणा. त्यात ॲपची यादी बघता येते आणि अख्खा फोन पुसता येतो. आधीच काही झालंय का ते सेटिंग्जमध्ये ‘जनरल’ आणि ‘व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट’मध्ये तपासा.

पूर्ण ताबाच हवा असेल तर कंपनीने फोन द्यावा. हे मॅनेजरला नम्रपणे पण ठाम सांगता येतं: ‘सर, माझ्या फोनवर घरचं सगळं आहे. कंपनीचा हँडसेट दिलात तर हवं ते इन्स्टॉल करतो.’ यावरून कोणाची नोकरी गेलेली मी पाहिलेली नाही.

स्वतःच्या लॅपटॉपवरही हाच खेळ होतो. घरच्या विंडोज मशीनवर टीम्समध्ये साइन-इन केलं की ‘अलाउ माय ऑर्गनायझेशन टु मॅनेज माय डिव्हाइस’ असा चौकोन आधीच टिक केलेला येतो. ती टिक काढा आणि ‘साइन इन टु धिस ॲप ओन्ली’ निवडा. लोक सरसकट ओके दाबतात.

हजेरीचं किंवा फील्ड सेल्सचं ॲप असेल तर लोकेशनची परवानगी ‘फक्त ॲप वापरताना’ एवढीच द्या. रविवारी तुम्ही साताऱ्याला गावी होतात की महाबळेश्वरला, याच्याशी कंपनीचा संबंध नाही. ऑफिसच्या वायफायला जोडताना फोन सर्टिफिकेट बसवायला सांगत असेल तर मोबाइल डेटा वापरा.

६. लेखी विचारा

तोंडी विचारलं की ‘अरे, सगळीकडे असंच असतं’ हे उत्तर मिळतं. ईमेल लिहा, इंग्रजीत, दोन परिच्छेदांत, तक्रारीचा सूर न लावता. ‘धोरण नीट पाळता यावं म्हणून विचारतोय’ ही सुरुवात चांगली. प्रश्न एवढेच:

- स्क्रीनशॉट, कळांची नोंद, कॅमेरा, आवाज, लोकेशन यांतलं काय टिपलं जातं?
- कामाच्या वेळेबाहेरही टिपलं जातं का?
- ते किती दिवस साठवतात, आणि मॅनेजरला दिसतं की फक्त सिक्युरिटी टीमला?
- अप्रेझलमध्ये त्याचा वापर होतो का?
- तक्रार निवारण अधिकारी कोण?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना द्यावंच लागतं. आयटी कायद्याखालच्या २०११ च्या नियमांनुसार संवेदनशील वैयक्तिक माहिती घेणाऱ्या कंपनीने असा अधिकारी नेमून त्याचं नाव संकेतस्थळावर द्यायचं असतं, आणि तक्रार महिन्याच्या आत मार्गी लावायची असते. बोटांचे ठसे, आरोग्याची माहिती, बँकेचे तपशील हे सगळं त्या ‘संवेदनशील’ यादीत येतं आणि त्यासाठी लेखी संमती लागते.

७. माउस हलवणाऱ्या युक्त्या करू नका

टीम्सवरचा हिरवा ठिपका पाच मिनिटं हालचाल नसली की पिवळा होतो. कागदावर डिझाइन काढत बसलात, फोनवर क्लायंटशी बोललात, तरी पिवळाच. काही मॅनेजर त्यावरून माणसाची किंमत करतात, आणि त्याचा राग येणं अगदी स्वाभाविक आहे. पण त्यावर उपाय म्हणून माउस हलवणारं यंत्र किंवा सॉफ्टवेअर घेऊ नका. २०२४ मध्ये अमेरिकेतल्या वेल्स फार्गो बँकेने कीबोर्डची खोटी हालचाल दाखवल्याच्या कारणावरून डझनाहून जास्त जणांना काढलं. एकसारख्या अंतराने होणारी हालचाल नोंदीत लगेच उठून दिसते, आणि मग विषय कामाचा न राहता फसवणुकीचा होतो.

त्यापेक्षा रोज संध्याकाळी दोन ओळींत काय झालं ते मॅनेजरला लिहून पाठवा. ठिपक्यावरून बोलणं झालं तर हीच नोंद तुमच्या बाजूने उभी राहते. हेही सांगता येईल की मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये ‘प्रॉडक्टिव्हिटी स्कोअर’मध्ये कर्मचाऱ्यांची नावं दाखवली होती आणि टीका झाल्यावर ती काढून टाकली.

८. कायदा कुठवर साथ देतो

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सांगितलं. तो मुख्यतः सरकारविरुद्ध उभा राहतो. खाजगी कंपनीसमोर फक्त त्याचं नाव घेऊन फारसं काही होत नाही.

कंपन्यांसाठी २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य तरतुदी त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. तो वाचून हुरळून जाऊ नका. त्याच्या कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि कंपनीचं नुकसान किंवा गुपितं फुटणं टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरायची मुभा आहे. माहिती बघायला मागण्याचा हक्क मात्र संमतीला जोडलेला आहे. म्हणूनच, कंपनीने तुमच्याकडून संमतीपत्र घेतलं असेल तर त्याची प्रत जपायची.

काही गोष्टींना कुठल्याच धोरणाचं पांघरूण मिळत नाही. एखाद्याच्या खाजगी अंगांची चित्रं चोरून टिपणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६ई खाली गुन्हा आहे, आणि स्त्रीच्या बाबतीत भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ लागतं. असं घडलं तर एचआरच्या चौकशीची वाट न बघता पोलिसांकडे जा. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी असलेल्या कंपनीच्या अंतर्गत समितीकडेही तक्रार द्या. पुण्यात आयटी कर्मचाऱ्यांची नाइट्स ही संघटना आहे. एकट्याने भिडण्याआधी तिथे बोलून बघा.

परदेशी जाणाऱ्यांची गोष्ट वेगळी. युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने सप्टेंबर २०१७ मध्ये बार्बुलेस्कू खटल्यात रोमानियाच्या कर्मचाऱ्याच्या बाजूने निकाल दिला, कारण त्याचे मेसेज वाचले जातील, आणि कितपत, हे त्याला आधी नीट सांगितलं नव्हतं. जर्मनीत जिथे कर्मचारी परिषद असते तिथे असं साधन बसवायला तिची संमती लागते. न्यूयॉर्क राज्यात मे २०२२ पासून नव्या कर्मचाऱ्याला लेखी सूचना देऊन त्याची पोच घ्यावी लागते. तिथे रुजू होताना तो कागद मागून घ्या.

९. नोटीस पीरियड

राजीनामा दिला की बऱ्याच कंपन्यांत तुमच्या मशीनकडे जास्त बारकाईने बघतात. या काळात पेनड्राइव्ह लावू नका, स्वतःला ईमेल फॉरवर्ड करू नका, ड्राइव्हवर फोल्डर चढवू नका. फक्त घरचे फोटो कॉपी केले तरी डीएलपीला दिसते ती ‘नोटीसवरच्या माणसाने मोठी कॉपी केली’ एवढीच ओळ, आणि मग रिलीव्हिंग लेटर अडकतं. काही वैयक्तिक राहिलंच असेल तर हेल्पडेस्कला तिकीट टाका, त्यांच्यासमोर कॉपी करा.

राजीनामा देण्याआधीच पगाराच्या स्लिप आणि फॉर्म १६ पोर्टलवरून स्वतःच्या मशीनवर उतरवून घ्या. शेवटच्या दिवशी फोनवरून व्हॉट्सॲपच्या ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये जाऊन ऑफिसचं मशीन काढा. गूगल खात्यातूनही तेच करा. फोनवरचं वर्क प्रोफाइल स्वतः हटवा, मग लॅपटॉप परत द्या. सीरियल नंबर लिहिलेली पोच हातात पडल्याशिवाय आयटीच्या खिडकीवरून हलू नका.